मनात येणारे नकोसे विचार पाप आहेत काय?

(शास्त्रपाठ : मत्तय ४:१–११, याकोब १:१३–१५, १ योहान ३:१९–२०)



आमच्या विभागातील एका खेड्यात उपदेशकाचे काम करणारे एक वयस्क बंधू आहेत. त्यांचे नाव व गाव मी येथे सांगत नाही. हा मजकूर लिहिण्यास मात्र त्यांची संमती आहे. गावकरी त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तीस वर्षे त्यांनी एका लहानशा मंडळीची सेवा निष्ठेने केली आहे. एका प्रभुभोजनाच्या रविवारी मी पेला घेऊन त्यांच्यापाशी आलो, तेव्हा त्यांनी मान खाली घातली व हात मागे घेतला. मला वाटले, भाऊबंदांशी काही तंटा झाला असेल आणि समेट झाल्यावाचून मेजाजवळ येणे त्यांना योग्य वाटत नसेल. पुढल्या वेळी तसेच झाले. तिसऱ्या वेळी तर भोजनाच्या आधीच ते उठले आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बराच वेळ ते काहीच बोलेनात. मग म्हणाले, "पाळकसाहेब, पेला ओठाजवळ आला की माझ्या मनात प्रभूविषयी अशी घाणेरडी शिवी उमटते, की तशी मी चुकार बैलालाही कधी दिली नाही. मी ती आणीत नाही, ती येते. ज्याच्या आत हे भरले आहे त्याने लोकांना वचन कसे सांगावे? माझा बाप्तिस्मा खोटा होता, असे मला वाटू लागले आहे."

त्या वेळी मी त्यांना काय सांगितले, ते लिहिताना मला लाज वाटते. मी म्हणालो, "मास्तर, शुक्रवारचा उपवास धरा, एकावन्नावे स्तोत्र रोज म्हणा आणि विचार आला की त्याच क्षणी क्षमा मागा." त्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. दीड महिन्याने त्यांच्या पत्नी मजकडे आल्या. मास्तर घरातून विहिरीपर्यंत जाता जाता चाळीस वेळा क्षमा मागत. क्षमेच्या प्रार्थनेच्या मध्येच तो विचार आला, तर प्रार्थना विटाळली म्हणून ती पहिल्यापासून म्हणत. जेवणावरून उठत, अंथरुणावरून उठत. अंगावरचे मांस उतरले होते. मी दिलेल्या औषधानेच रोग वाढला होता. तेव्हा मी शास्त्र नव्याने उघडून बसलो, आणि त्यातून मला जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवितो. कारण चौकशी करिता करिता मला कळून आले की मास्तर एकटे नाहीत. एक बाळंतीण भगिनी तान्हे मूल घेऊन विहिरीच्या काठाने जाण्यास भीत होती. हातून मूल आत टाकले जाईल, असा विचार तिच्या मनात येई व तिचे हातपाय गार पडत. एक आजीबाई लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून जेजुरीस गेल्या होत्या. बाप्तिस्म्यास पन्नास वर्षे झाली, तरी प्रार्थनेला गुडघे टेकले की तीच येळकोटाची आरोळी त्यांच्या कानांत घुमते, आणि आपण अजून मूर्तिपूजक तर नाही ना, अशी धास्ती त्यांना पडते.

तर प्रश्न हा : जो विचार आपण बोलाविला नाही, जो आपणांस आवडत नाही, ज्याने आपण शहारतो, तो मनात आला एवढ्यानेच आपण पापी ठरतो काय?

प्रथम आपल्या प्रभूकडे पाहू. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात अरण्यातील परीक्षेचे वर्णन आहे. त्या पवित्र कानांवर काय काय पडले ते नीट मोजा. मंदिराच्या शिखरावरून अंग झोकून देण्याची सूचना, आणि जगाच्या वैभवाच्या बदल्यात सैतानापुढे पाया पडण्याची सूचना! ह्याहून दुष्ट विचार कोणता? ती सूचना देवाच्या पुत्रापर्यंत पोहोचली, तिचा अर्थ त्याला समजला, आणि तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (४:१५) साक्ष आहे की आपल्यासारखीच सर्व प्रकारे त्याची परीक्षा झाली, पण तो निष्पाप राहिला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या अरण्यात कोणी शिष्य नव्हता. मग हा वृत्तांत मंडळीला कसा कळला? प्रभूने स्वतःच तो सांगितला असला पाहिजे. जे आपल्या मनापुढे मांडले गेले ते सांगण्याची त्याला लाज वाटली नाही. कारण मांडले जाणे व मान्य करणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

याकोबाने हेच पायरीपायरीने सांगितले आहे. तो गर्भधारणेचा व जन्माचा दृष्टांत घेतो. मोह येतो, माणूस आपल्या वासनेने ओढला जातो, मग त्या वासनेला गर्भ राहतो, मग पाप जन्मास येते. गर्भ राहण्यास दोघांचा संयोग लागतो हे खेड्यातील कोणास समजावून सांगावयास नको. मोहाला जेव्हा आपली इच्छा होकार देते, तेव्हा तो संयोग होतो. जो विचार आला व ज्याला मनाने "नको" म्हटले, तो दाराशी येऊन गेलेला आहे. घरात नांदलेला नाही.

"पण साहेब," असे मास्तर मला म्हणाले, "प्रभूला ते शब्द बाहेरून सैतानाने ऐकविले. माझी शिवी तर माझ्याच आतून येते."

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधिताना मला जॉन बन्यनची आठवण झाली. १८४१ साली हरी केशवजी ह्यांनी मराठीत आणिलेले त्याचे यात्रिकक्रमण आपल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. त्यात मृत्युच्छायेच्या दरीचे वर्णन येते. त्या अंधारात यात्रिक चालला असता एक दुष्टात्मा पावलांचा आवाज न करिता मागून येतो व त्याच्या कानात देवनिंदेचे शब्द कुजबुजतो. आणि बिचाऱ्या यात्रिकाला वाटते की हे शब्द आपल्याच मनातून निघाले. वाटेत भोगलेल्या सर्व दुःखांत हे दुःख त्याला अधिक झोंबते. हा प्रसंग बन्यनने कल्पनेने रचिला नाही. तो स्वतः त्या दरीतून गेला होता.

बन्यन १६२८ साली इंग्लंडात बेडफर्ड शहराजवळच्या एका खेड्यात जन्मला. बापाप्रमाणे तोही फुटकी भांडी सांधण्याचा धंदा करी. म्हणजे तो आपल्यासारखाच कष्टकरी खेडवळ माणूस होता. सुवार्ता सांगितल्यावरून त्याला १६६० पासून बारा वर्षे तुरुंग भोगावा लागला, आणि तुरुंगातच, १६६६ साली, त्याने आपल्या आत्म्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की विश्वास धरिल्यानंतर सुमारे एक वर्षभर त्याच्या मनात एकच विचार घोळत राहिला : ख्रिस्ताला विकून टाक. जेवावयास बसावे, खाली पडलेली टाचणी उचलावी, लाकूड फोडावे, कोठेही नजर टाकावी, तो विचार हजर. तो हातांनी व कोपरांनी ढकलल्यासारखे करी आणि हजारो जगे मिळाली तरी विकणार नाही, असे पुन्हा पुन्हा उत्तर देई. जेवताना मध्येच त्याला वाटे, आता उठून प्रार्थना केलीच पाहिजे. ह्याच्याही आधी, तोंडातून निंदेचा शब्द निघेल ह्या भयाने, तोंड उघडू नये म्हणून आपल्या हनुवटीखाली हात दाबून धरण्याच्या बेतात तो पुष्कळदा येई. अखेर एका सकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या, झगडून झगडून थकलेल्या त्या मनात, जायचे तर जाऊ दे, असे काहीसे उमटून गेले. झाले! आपण एसावाप्रमाणे ज्येष्ठपणाचा हक्क विकला, आता क्षमा नाही, असे समजून तो दोन वर्षे निराशेत बुडाला.

ज्याने ख्रिस्ताला खरोखर विकले तो यहूदा होता. त्याने किंमत ठरविली, संधी पाहिली, पैसे मोजून घेतले. बन्यनने काय घेतले? दोन वर्षांची रात्र घेतली, एवढेच. ज्या माणसाला ख्रिस्त नको असतो तो ख्रिस्त हरवेल ह्या भीतीने रडत नाही. मास्तरांना मी हेच विचारले, "तुम्हांला प्रभू नकोसा असता, तर त्या शिवीने तुमचे काय बिघडले असते?" ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले.

मी असे म्हणत नाही की मनात येणारा प्रत्येक वेडावाकडा विचार सैतानच आणून टाकितो. आपल्या मंडळ्यांत प्रत्येक गोष्ट सैतानाच्या नावावर टाकण्याची सवय आहे. ती मला फारशी पसंत नाही. मन हे देवाने घडविले आहे, आणि डोळा जसा समोर येईल ते पाहतो तसे ते रात्रंदिवस विचार उत्पन्न करीत असते. त्यांत धान्याबरोबर भूसही असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेरा देशांतील ७७७ विद्यार्थ्यांना विचारले गेले की मागील तीन महिन्यांत असा नकोसा विचार तुमच्या मनात शिरला होता काय. शेकडा ९४ जणांनी होय म्हटले. त्यांतील बहुतेक त्या विचाराला हात झटकून पुढे गेले असतील. कोवळ्या सदसद्विवेकाचा माणूस मात्र थांबतो, मागे वळून पाहतो, आणि विचारतो, "हा माझ्या मनात का आला? मी कोण?" तेथून त्याचे दुःख सुरू होते. आणि जे त्याला सर्वांत प्रिय, तेथेच तो विचार डसतो. आईला लेकराविषयी, भक्ताला प्रभूविषयी, शुद्ध मनाच्या तरुणाला अशुद्धतेविषयी. चोराची धास्ती ज्याच्या घरी सोने आहे त्यालाच असते.

आता ज्या वचनांनी असे बंधुभगिनी घाबरतात त्यांकडे वळू. मत्तय ५:२८ हे पहिले. तेथे प्रभूने नजरेच्या व्यभिचाराविषयी सांगितले आहे. पण त्या वचनाच्या मूळ ग्रीक शब्दांत हेतू स्पष्ट आहे. वासना करावी ह्यासाठीच जो पाहतो त्याच्याविषयी ते बोलणे आहे. रस्त्याने जाताना दृष्टी पडली, मनात काही चमकून गेले व आपण दृष्टी वळविली, ह्याविषयी नव्हे. दुसरे वचन मार्क ७:२१. अंतःकरणातून दुष्ट विचार निघतात असे प्रभू म्हणतो, हे खरे. परंतु तेथे जो शब्द आहे त्याचा अर्थ मनाशी केलेला खल, योजलेला बेत असा आहे, आणि त्याच्या पाठोपाठ चोरी, खून, व्यभिचार अशी यादी येते. खून हा झोपेत येत नाही. तो योजावा लागतो. शास्त्रात अंतःकरण म्हणजे ज्या ठिकाणी माणूस निश्चय करितो ते ठिकाण होय.

तिसरे वचन २ करिंथ १०:५, जेथे पौल विचारांना बंदिवान करून ख्रिस्ताच्या स्वाधीन करण्याविषयी लिहितो. पुष्कळ उपदेशक हे वचन असे सांगतात की जणू प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपल्या मनाच्या नाक्यावर शिपायासारखे दंडुका घेऊन उभे राहिले पाहिजे. मीही तसेच सांगत असे. पण पौल तेथे करिंथमधील गर्विष्ठ शिक्षकांच्या वादांविषयी, देवाच्या ज्ञानाविरुद्ध उभारलेल्या कोटांविषयी बोलत आहे. आजीबाईंच्या कानांत घुमणाऱ्या आरोळीशी त्याचा संबंध नाही. त्या आरोळीत त्यांचे बालपण आहे, वडिलांचा खांदा आहे. त्यांची भक्ती कोठे आहे ते त्यांच्या टेकलेल्या गुडघ्यांवरून दिसते.

आणि चौथे, ज्याने सर्वांत अधिक माणसे छळली आहेत : पवित्र आत्म्याविरुद्ध निंदेची क्षमा नाही, हे मत्तय १२ मधील बोलणे. हे प्रभू कोणास म्हणाला? आंधळा व मुका मनुष्य बरा झालेला डोळ्यांनी पाहूनही, हे बालजबूलाचे काम आहे असे जाणूनबुजून लोकांत सांगत फिरणाऱ्या परूश्यांस. प्रकाश दिसत असता त्याला अंधार म्हणण्याचा तो ठाम निश्चय होता. त्यांना क्षमा नको होती. ज्याला क्षमा हवी आहे, जो त्यासाठी झुरतो, त्याने ते पाप केलेले नाही, हे मी कोणत्याही भयग्रस्त बंधूस निःशंकपणे सांगेन.

येथे सेमिनरीत शिकलेला एखादा बंधू मला अडवील. तो म्हणेल, "१५४६ साली ट्रेंटच्या रोमन सभेने ठरविले की बाप्तिस्मा झालेल्याच्या ठायी उरलेली वासना ही खऱ्या अर्थाने पाप नव्हे, आपल्या सुधारक पूर्वजांनी तर हे नाकारिले. ती वासनाही पापस्वरूप आहे, असे ते शिकवीत आले. मग तुम्ही प्रॉटेस्टंट पाळक असून हे काय सांगता?" आक्षेप योग्य आहे व त्याला बगल देणे बरे नाही. मी पूर्वजांच्याच बाजूचा आहे. आदामाच्या पतनाने आपला सर्व स्वभाव बिघडला, आणि वाईटाकडे होणारी आपली ओढ, कृती न होताही, देवापुढे निर्दोष नाही. पण ओढ कशाला म्हणावे? ज्याकडे मन गोडीने झुकते तिला. मास्तरांच्या मनात त्या शिवीची गोडी नाही. तिचा शिसारा आहे. त्या आईला मूल विहिरीत टाकण्याची ओढ नाही. ती विहिरीच्या वाटेनेसुद्धा जात नाही. ह्याला वासना म्हणणे म्हणजे तापाला भूक म्हणण्यासारखे होईल.

आणि समजा, कोठे ओढ किती व छळ किती हे नेमके कळत नाही. आपल्या मनाची झडती आपण कधीच पुरी घेऊ शकत नाही. तेव्हा दाविदाकडे पाहा. एकोणिसाव्या स्तोत्राच्या बाराव्या वचनात तो कबूल करितो की आपल्या चुका मोजणे माणसाला शक्य नाही, आणि ज्या त्याला दिसत नाहीत त्यांतून मोकळे करण्याची विनंती तो करितो. ती सर्व एका वाक्यात! तो यादी करीत बसत नाही. मार्टिन ल्यूथर १५०५ साली मठात गेला, तेव्हा तो असाच यादी करीत बसे. एखादा विचार सांगावयाचा राहिला तर नाही ना, ह्या भयाने तासन्‌तास पापांगीकार करून त्याने आपला गुरू श्टाउपिट्झ ह्याला थकवून सोडिले. ती वाट संपत नाही हे अनुभवाने जाणूनच तो विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताला बिलगला. ज्या सिद्धांतावर आपली मंडळी उभी आहे, तोच सिद्धांत रात्री दोन वाजता अंथरुणावर बसून बोटे मोजणाऱ्या मास्तरांना मी सांगितला नव्हता. त्यांना मी मठातच परत पाठविले होते.

मग पापी विचार कोणते? आहेत, आणि पुष्कळ आहेत. ज्याला आपण पाट मांडून बसवितो, पाणी देतो, पुन्हा ये म्हणतो, तो. बांधावरून भावाशी झालेला तंटा दहा वर्षे मनात घोळवून त्याच्या पिकाला कीड लागावी असे इच्छिणे. शेजारणीच्या सुनेची चाल मनात रंगवून रंगवून सांगणे. मंडळीच्या निवडणुकीत हरलो म्हणून पुढील सूड शिजत ठेवणे. मी इतकी वर्षे पाळकाचे काम करीत आहे, "साहेब, माझ्या मनातला बांधाचा राग हे पाप आहे काय?" असे विचारावयास आजवर एकही मनुष्य माझ्या दारी आलेला नाही. दारी येतात ते मास्तरांसारखे. ज्यांनी भ्यावे ते सुखाने झोपतात, आणि ज्यांनी झोपावे ते भितात.

आता ह्या छळातून जाणाऱ्याने करावे काय? मी प्रथम जे सांगितले ते करू नये. लहानपणी आपण सर्वांनी ती गोष्ट ऐकली आहे, की वैद्याने औषध दिले व सांगितले, हे घेताना माकड मात्र आठवू नकोस; आणि रोग्याला जन्मात औषध घेता आले नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट प्रयोगाने पडताळून पाहिली. लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितले व तो आला तर घंटी वाजवा म्हटले. घंटी वाजतच राहिली. पण ही गोष्ट सुज्ञ पाळकांना फार पूर्वीच कळली होती. १६९२ साली नॉर्विचचे बिशप जॉन मूर ह्यांनी इंग्लंडच्या राणीपुढे एक उपदेश केला. उपासनेच्या वेळी ज्यांच्या मनात निंदेचे विचार उठतात अशा भल्या माणसांविषयी तो होता. त्यांनी सल्ला दिला की ह्या विचारांशी जोराने झुंजू नका. झुंजीने ते फुगतात, आणि दुर्लक्ष केल्याने विरून जातात. आपला नेमलेला उद्योगही ह्यांपायी सोडू नका. सव्वातीनशे वर्षांपूर्वी छापलेली ही गोष्ट मला माझ्या चुकीनंतर वाचावयास मिळाली.

म्हणून विचार आला की त्याच्याशी वाद घालू नये. त्याला खोडून काढण्यासाठी प्रार्थना म्हणू नये. त्याची क्षमा दिवसातून शंभर वेळा मागू नये, आणि "मी वाईट नाही ना?" असे पत्नीला, पाळकाला पुन्हा पुन्हा विचारू नये. खरूज खाजविली की क्षणभर बरे वाटते आणि रात्री ती दुप्पट खाजते. हे सर्व खाजविणेच आहे. विचार आला, तर आला म्हणावे, व हातातले काम पुढे चालू ठेवावे. प्रार्थना चालू असेल तर प्रार्थना, निंदणी चालू असेल तर निंदणी. हे सोपे नाही. पहिले काही दिवस भय वाढते, आणि आपण देवाविषयी बेपर्वा झालो असे वाटते. त्या वेळी योहानाच्या पहिल्या पत्रातील तिसरा अध्याय धरून राहावे : आपले अंतःकरण आपल्यावर आरोप ठेवील तेव्हाही देव त्या अंतःकरणाहून थोर आहे, व त्याला सर्व ठाऊक आहे. न्यायासनावर आपले मन बसलेले नाही. बन्यनलाही शेवटी एके दिवशी शेतातून जाताना उमगले की त्याचे नीतिमत्त्व स्वर्गात देवाच्या उजवीकडे आहे, ख्रिस्त हाच ते आहे; मनाची स्थिती चांगली झाल्याने ते वाढत नाही व वाईट झाल्याने घटत नाही.

उपदेशक बंधू व बायबलबाया ह्यांस माझी एक कळकळीची विनंती आहे. असा कोणी तुमच्याकडे आला तर त्याच्यावर ओरडून भूत काढावयास लागू नका. उपवास लादू नका, सभेपुढे उभे करून कबुली घेऊ नका. आपल्या मराठीत ह्या दुखण्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे, आणि मनाचे डॉक्टर आजही तो वापरतात. ते जडले की माणसाचे दिवसातले तासच्या तास ह्यात जातात, झोप व अन्न तुटते, हातून काम होत नाही. त्यावर औषधे आहेत, आणि न खाजविता राहण्याचा अभ्यास करून घेणारी उपचाराची रीतही आहे. हिवतापाची गोळी घेताना आपण विश्वास सोडला असे समजत नाही. येथेही समजू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांची चौकशी करावी. २०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलि-मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही सल्ला मिळतो.

बाळंतिणीविषयी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. मुलाला इजा होईल असा विचार पुष्कळ नव्या आयांच्या मनात येतो, आणि जी त्याने थरकापते ती आई मुलाला जपणारीच असते; तिच्यापासून मूल काढून घेऊन तिला आणखी घाबरवू नये. परंतु एखाद्या बाळंतिणीला आवाज ऐकू येऊ लागले, ती भ्रमिष्टासारखी बोलू लागली, किंवा हे मूल माझे नव्हे, हा सैतान आहे, असे ती भय न वाटता खरे मानू लागली, तर ती गोष्ट अगदी निराळी. तेथे एक रात्रही न थांबता तिला रुग्णालयात न्यावे, व तोवर तिला आणि मुलाला एकटे सोडू नये. आमची ती भगिनी पहिल्या प्रकारची होती. तिच्या सासूबाई समजूतदार निघाल्या. "मलाही ह्याच्या बापाच्या वेळी असेच व्हायचे गं," असे त्यांनी चुलीपाशी बसून तिला सांगितले, आणि माझ्या सर्व उपदेशाहून त्या एका वाक्याने अधिक काम केले.

मास्तरांना डॉक्टरांकडे नेण्यास मला चार महिने लागले. ते तयारच होईनात. औषध सुरू झाले, क्षमेच्या प्रार्थना मोजणे हळूहळू थांबले. विचार पार गेला असे नाही. मागील पुनरुत्थानाच्या सणाला मी पेला घेऊन रांगेतून येत असता ते आपल्या जागी बसलेले दिसले. माझेच हात थोडे कापत होते. त्यांनी पेला घेतला, प्याले व शेजारच्या बंधूकडे दिला. उपासना संपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारले, "आला होता काय?"

"आला होता," ते म्हणाले. "पेला हातात असतानाच आला."

"मग?"

"मग काय, साहेब? आला, तरी प्यालो." एवढे बोलून ते मुलांना रविवारच्या शाळेसाठी हाक मारावयास निघून गेले.